महाराणी चिमणाबाई आणि पुण्यातील ती परिषद

राजगडावर, पद्मावती माचीवर महाराणी सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली गडावरच त्यांचे निधन झाले. संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. शिवरायांची पत्नी आणि शंभूराजांची माता, एवढीच त्यांची ओळख आपल्यापर्यंत पोहोचली. भोरच्या राजवाड्यात हिंडतानाही पंतसचिवांची नावे कानी येतात, राण्यांची क्वचितच. म्हणूनच भोरहून सुमारे ५० किलोमीटरवरील पुण्यात, १९२७ च्या जानेवारीत, फर्ग्युसन महाविद्यालयात एक मराठी महाराणी अध्यक्षस्थानी बसली ही घटना मला मोलाची वाटते.

ती अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंच्या आवाहनातून ती उभी राहिली आणि अध्यक्षपद बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंकडे आले. मुलींच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी जमलेल्या या स्त्रियांना बालविवाहाचा प्रश्न टाळता येईना. शाळेत जाण्याच्या वयात मुलगी सासरी जाणार असेल तर पाटी-पुस्तक कोणासाठी? दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, सारडा कायदा संमत झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरले.

अध्यक्षीण बाईंना हा विषय ऐकीव नव्हता. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ साली सयाजीराव गायकवाडांशी विवाहबद्ध झाल्या, तेव्हा त्यांचे वय जेमतेम तेरा-चौदा. सयाजीरावांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. तिचेच चिमणाबाई हे नाव या मुलीला मिळाले. दुसरीचे नाव पांघरून संसाराला लागलेली ही मुलगी राजवाड्यातच शिकली, पतीबरोबर परदेश हिंडली आणि पुढे तिने पडदा झुगारला. १९११ साली सिद्धमोहन मित्र यांच्यासह तिने भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. कष्टकरी देशी स्त्रियांना मानाचे उद्योग मिळावेत, हा त्यामागचा ध्यास. बडोद्यात तिच्या नावाने स्त्री उद्योगालयही निघाले.

पण याच वर्षाअखेर तिच्या घरातच कसोटीचा प्रसंग आला. कन्या इंदिराराजे यांची सोयरीक ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरली होती. महाराजांची पहिली पत्नी हयात होती आणि ग्वाल्हेरला पडदा कडक. दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजेंचे मन कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्यावर जडले आणि त्यांनी स्वतःच ग्वाल्हेरला पत्र धाडून सोयरीक मोडली. आईवडिलांना हे कळले ते ग्वाल्हेरच्या तारेने! स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिणारी आई येथे कन्येच्या बाजूने उभी राहिली नाही. १९१३ साली लंडनमध्ये विवाह झाला, तेव्हा आईवडील मांडवात नव्हते.

चरित्रकाराने हे पान चाळून पुढे जाऊ नये. बाहेरच्या रूढीशी झुंजणे एक, आणि दोन संस्थानांची अब्रू पणाला लागली असता पोटच्या मुलीला मोकळीक देणे वेगळे. घरोघरच्या आयांना हे सांगायला नको. तरीही त्यानंतर चौदा वर्षांनी, पंचावन्नच्या घरात पोहोचलेली हीच बाई पुण्यात येऊन लेकीबाळींच्या शिक्षणासाठी उभी राहिली. १९५८ साली ती निवर्तली. इंदिराराजेंच्या कन्या गायत्रीदेवी १९६२ साली जयपूरहून लोकसभेवर निवडून गेल्या. तेव्हा आजी जाऊन चारच वर्षे झाली होती.