सागरसंकट आणि हेलिकॉप्टर

माणूस नौका बांधावयास शिकला त्या दिवसापासून बुडणाऱ्याला वाचविण्याची चिंताही त्याच्या मागे लागली. परंतु या कामात एक अडचण शतकानुशतके कायम राहिली. खवळलेल्या समुद्रात मोठे जहाज खडकाजवळ जाऊ शकत नाही, आणि लहान होडी गेली तर तीच उलटते. पुढे विमान आले. त्याला वरून बुडणारा दिसे, पण त्याच्यासाठी थांबता येत नसे. पाहणे आणि थांबणे या दोहोंचा मेळ घातला तो हेलिकॉप्टरने.

इगोर सिकॉर्स्की यांचे व्हीएस-३०० हे यंत्र १९३९ साली अमेरिकेत प्रथम जमिनीवरून उचलले गेले. त्याचा उपयोग कशासाठी करावा, याविषयी मात्र एकमत नव्हते. युद्धाचा काळ होता. पाणबुड्यांचा माग काढणे हेच पहिले काम, असे वरिष्ठांना वाटे. तटरक्षक दलातील फ्रँक एरिक्सन या वैमानिकाचे मन निराळ्या दिशेने धावत होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे पाण्यात तडफडणारे खलाशी त्याने डोळ्यांनी पाहिले होते. हे यंत्र मारण्यापेक्षा तारण्यासाठी अधिक उपयोगी पडेल, अशी त्याची खात्री झाली.

ती खात्री पटवून देण्याचा प्रसंग ३ जानेवारी १९४४ रोजी आला. न्यूयॉर्कजवळ नांगरलेल्या ‘टर्नर’ या विनाशिकेत स्फोट झाले व ती बुडाली. जखमींना सँडी हूक येथील रुग्णालयात नेले. पण तेथे रक्तातील प्लाझ्मा अपुरा पडू लागला. बर्फाचे वादळ चालू होते. एरिक्सनने मॅनहॅटनच्या टोकाला उतरून प्लाझ्माच्या दोन पेट्या हेलिकॉप्टरच्या तरंडांना बांधल्या, वजन कमी व्हावे म्हणून सहवैमानिकाला मागे ठेवले आणि अवघ्या १४ मिनिटांत तो सँडी हूकला पोहोचला. हेलिकॉप्टरने प्राणरक्षणार्थ केलेले हे पहिले उड्डाण मानले जाते.

तथापि औषध पोहोचविणे निराळे आणि माणूस उचलून घेणे निराळे. त्यासाठी दोर गुंडाळणारे विंच हवे होते. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी कनेक्टिकटच्या किनाऱ्यापाशी वादळात सापडलेल्या तेलाच्या बार्जवरून दोघांना असेच उचलण्यात आले. दुसऱ्याच्या वेळी विंच अडकले, आणि तो बिचारा दोराला लोंबकळतच किनाऱ्यावर आला. पण जिवंत आला! पुढच्याच वर्षी न्यूफाउंडलंडमध्ये गँडरजवळ प्रवासी विमान कोसळले. तेथे हेलिकॉप्टरांचे भाग सुटे करून मोठ्या विमानांतून नेले, ते पुन्हा जोडले आणि दलदलीतून १८ जणांना बाहेर काढले. आता शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

एवढ्यावर हा इतिहास संपता, तर तो केवळ यंत्राचा विजय ठरला असता. पण १२ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘मरीन इलेक्ट्रिक’ हे कोळशाचे जहाज बुडाले. तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर वर येऊन उभे राहिले, पाळणा खाली सोडला. परंतु गारठ्याने खलाशांची बोटे इतकी बधिर झाली होती की, पाळण्यात चढण्याचीही शक्ती उरली नव्हती. ३४ पैकी ३ जण वाचले. मदत डोक्यावर असताना माणसे गेली, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली. १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तटरक्षक दलाला पाण्यात उडी घेणारे बचावपटू तयार करण्यास भाग पाडले. यंत्राच्या टोकाला शेवटी माणूसच बांधावा लागला!

हे दूरदेशीचे आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या तटरक्षक दलाचा कायदा १९७८ सालचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या उत्तरेला भरकटलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या बार्जवरील सर्व १३७ जणांची सुटका झाली. तीत हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा होता. त्याच वादळात ‘पी-३०५’ ही बार्ज मात्र बुडाली व अनेक कामगार दगावले. आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ एका जखमी खलाशाला आणण्यास निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टरच समुद्रात पडले. चार जणांपैकी तिघे गेले.

म्हणून आपण हेलिकॉप्टरकडे केवळ कौतुकाने पाहू नये. त्याची देखभाल, वैमानिकांचे शिक्षण, वादळाची सूचना मिळताच समुद्रातील कामे थांबविण्याची शिस्त, हे सारे त्या दोराचेच धागे आहेत. त्यांतला एक जरी तुटला, तरी त्याची किंमत खाली वाट पाहणाऱ्याला द्यावी लागते, आणि कधी वर दोर धरून उभ्या असलेल्यालाही.