वृद्धांच्या आत्महत्या व संरक्षक घटक
उतारवयात आत्महत्येच्या विचाराची पकड सैल करणाऱ्या किंवा तो विचार उद्‌भवूच न देणाऱ्या वैयक्तिक, कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीस संरक्षक घटक म्हणतात. आप्तेष्टांशी जिव्हाळ्याचे संबंध, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, अवसादावरील व शारीरिक वेदनांवरील वेळीच उपचार, तसेच धार्मिक वा सामाजिक समूहातील सहभाग यांचा त्यांत समावेश होतो. अनेक देशांत वृद्ध पुरुषांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक आढळते. तरीही वृद्धांची निराशा ही वार्धक्याची स्वाभाविक अवस्था मानली गेल्याने प्रतिबंधाचा विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला.

या विचाराचे मूळ फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याच्या आत्महत्येवरील १८९७ मधील ग्रंथात आहे. वयाबरोबर आत्महत्येचे प्रमाण वाढते, हे त्याने यूरोपीय आकडेवारीवरून दाखविले. परंतु विवाहित, विशेषतः अपत्ये असलेल्या व्यक्तींत ते तुलनेने कमी असते, हेही त्याच आकडेवारीतून त्याने काढले. व्यक्ती समूहाशी जितकी एकरूप, तितकी ती सुरक्षित, असा त्याचा सिद्धांत होय. पुढे पीटर सेन्सबरी याने लंडनच्या २८ प्रशासकीय विभागांची तुलना केली (१९५५). आत्महत्येचा संबंध दारिद्र्यापेक्षा एकाकी राहणीशी अधिक निकटचा असल्याचे तीत दिसून आले. चॅड व्हाराने १९५३ मध्ये लंडनमध्ये ‘समॅरिटन्स’ ही दूरध्वनीवरून धीर देणारी सेवा सुरू केलेलीच होती. मात्र अशा सेवेत पुढाकार पीडिताने घ्यावयाचा असतो, आणि वृद्ध माणूस तो क्वचितच घेतो.

ही उणीव भरून काढणारा प्रयोग उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतात झाला. ‘टेलिहेल्प–टेलिचेक’ या सेवेत एकट्या, दुर्बल वा आजारी वृद्धांना मदत मागण्यासाठी जवळ बाळगता येईल असे एक संकेतयंत्र दिले जाई. शिवाय प्रशिक्षित कर्मचारी आठवड्यातून सरासरी दोनदा स्वतःहून दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करीत. पाद्वा येथील मनोविकारतज्ज्ञ द्येगो दे लेओ व त्याचे सहकारी यांनी १९८८ ते १९९८ या अकरा वर्षांतील १८,६४१ लाभार्थींची पाहणी केली. प्रांतातील सर्वसाधारण प्रमाणानुसार या गटात सुमारे २१ आत्महत्या अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात ६ झाल्या (२००२). तुलनेसाठी यदृच्छेने निवडलेला गट नसल्याने हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही. तथापि औषधापेक्षा नियमित विचारपूस हाच ज्याचा गाभा, अशा उपायाचे हे फळ लक्षणीय आहे. लाभ मुख्यत्वे स्त्रियांना झाला; पुरुषांतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाली नाही.

जपानमध्येही हाच अनुभव आला. नीगाता जिल्ह्यातील मात्सुनोयामा या गावी १९८० नंतरच्या दशकात वृद्धांची अवसादासाठी चाचणी घेऊन स्थानिक वैद्य व आरोग्य-परिचारिका यांच्याकरवी पाठपुरावा करण्यात आला आणि आत्महत्यांचे प्रमाण घटले. पुढे इतर खेड्यांत राबविलेल्या सामूहिक उपक्रमांचा लाभ मात्र अनेकदा स्त्रियांपुरताच राहिला. पुरुष अशा मेळाव्यांना फिरकतच नाहीत, हे त्याचे एक कारण असावे. जपानच्या ग्रामीण भागात जीवन संपविणाऱ्या वृद्धांपैकी कित्येक जण मुलानातवंडांच्या घरात राहणारे होते, ही गोष्ट एकत्र कुटुंबाला आपोआप संरक्षक मानणाऱ्या आपल्याकडील समजुतीला छेद देते. घरात जागा असणे आणि घरच्या निर्णयांत स्थान असणे यांत अंतर आहे.

आत्महत्या करणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळ जण मृत्यूपूर्वीच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटलेले असतात. या निरीक्षणावर आधारलेला प्रयोग अमेरिकेत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग परिसरांतील २० दवाखान्यांत झाला. तेथे ६० वर्षांवरील अवसादग्रस्त रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमल्यावर आत्महत्येचे विचार अधिक वेगाने ओसरले (२००४).

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून तिची काळजी व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकली. ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ (१४५६७) २०२१ मध्ये आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ (१४४१६) २०२२ मध्ये सुरू झाली. या दोन्ही क्रमांकांवर दूरध्वनी प्रथम गरजू व्यक्तीने किंवा तिच्या निकटवर्तियांनी करावयाचा असतो. व्हेनेतोमध्ये तो सेवेकडून येत असे.