कामिनी कोण?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे रिलीज होतं, मग रिलीजनंतरची निस्तरानिस्तर होती. असो.

विषय निघाला एका फोनवरून. मी हौसेने नाटकांचं पार्श्वसंगीत करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच (शनिवार-रविवार, एक कीबोर्ड, एक कंप्युटर आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती). परवा एका संस्थेने त्यांच्या फिल्मसाठी दहा मिनिटांचं संगीत मागितलं. पैशांचं विचारलं तर म्हणे, "बजेट नाहीये हो, पण तुमचं नाव होईल." नाव नक्की कुठे येणार, हे विचारलं तर तेही ठरलेलं नाही! आणि गंमत म्हणजे ओशाळलो मीच. अप्रेझलला दोन टक्क्यांसाठी मॅनेजरशी तासभर हुज्जत घालणारा मी, "छे छे, पैशांचं काही नाही हो" म्हणून मोकळा झालो.

त्या रात्री 'महल'मधलं ते गाणं ऐकत होतो. कुठलं ते सांगायची गरज नाही. खेमचंद प्रकाशांची चाल, 1949 साल. गाणं तुफान गाजलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! रेडिओवर लोकांची पत्रं यायला लागली, ही कामिनी कोण? शेवटी रेडिओवरून खरं नाव सांगण्यात आलं: लता मंगेशकर.

तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. 1942 साली वडील गेले, घरात चार धाकटी भावंडं. 'कामिनी' छापलं म्हणून काम नाकारणं तिला परवडण्यासारखं नव्हतंच. हे आधी सांगून टाकतो, कारण "स्वतःची किंमत ओळखा" वगैरे सांगणारे लोक हा भाग सोयीस्करपणे गाळतात. किंमत ओळखणं वेगळं आणि ती मागता येणं वेगळं. मधे घरभाडं असतं.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. फिल्मफेअर पुरस्कार 1954 साली सुरू झाले. त्यात संगीतकाराला पुरस्कार होता, पण गायकाला नाही आणि गीतकारालाही नाही. 1957 साली 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांना तो मिळाला. जयकिशन लताबाईंकडे आले, समारंभात त्यातलं एक गाणं म्हणा म्हणून. बाईंनी साफ नकार दिला. मुद्दा सरळ होता: पुरस्कार चालीला आहे ना, मग नुसती चाल वाजवा! गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला पुरस्कार नाही, तर आवाज आणि शब्द कशाला हवेत?

काय लॉजिक आहे बघा. आरडाओरडा नाही, "माझा अपमान झाला" नाही. समोरच्याचा हिशोब त्यालाच वाचून दाखवला. 1959 च्या समारंभात गायन आणि गीतलेखन असे दोन्ही पुरस्कार सुरू झाले. गायनाचा पहिला लताबाईंनाच, 'मधुमती'साठी. गीतकाराचा पहिला शैलेंद्रना, 'यहुदी'साठी. म्हणजे नकार दिला एकीने आणि दार उघडलं दुसऱ्यांसाठीही.

रॉयल्टीचं प्रकरण मात्र इतकं गोड नाही. साठच्या दशकात त्यांनी मागणी लावून धरली की तबकड्या विकल्या जातात तोवर गायकालाही वाटा मिळावा. रफीसाहेबांचं मत उलटं: निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, व्यवहार संपला. यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत! श्रोते म्हणून आपलं केवढं नुकसान. आमच्या घरात अजून यावर वाद होतो. आई रफींच्या बाजूची, "माणूस देवासारखा, पैशाला पैसा नाही म्हणाला." मला रफी प्रिय आहेत, पण इथे मी लताबाईंच्या बाजूने. स्वतःच्या चांगुलपणाने आपला हक्क सोडता येतो, पण त्याने बाकीच्या गायकांचाही दर ठरतो. कोरसमध्ये गाणाऱ्याने मग कुणाकडे बघायचं?

कायद्याला हे पटायला 2012 उजाडलं. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायकांचा रॉयल्टीवरचा हक्क मान्य झाला, आणि 2013 मध्ये गायकांची 'इस्रा' ही संस्था नोंदली गेली. कायदा बदलला तेव्हा लताबाई 82 वर्षांच्या होत्या.

आता मी काही लता नाही, आणि ती फिल्म 'महल' नाही, हे कळतं मला. पण माझं घरभाडं नोकरीतून निघतं. मग मी कुठल्या मजबुरीने फुकट काम करतोय? आणि ज्याचं पोट याच संगीतावर आहे, त्याने बिल दिलं तर ती संस्था त्याला माझंच उदाहरण देणार ना?

काल रात्री त्यांना मेल लिहिली. आकडा टाकला, दोनदा कमी केला, मग पुन्हा होता तेवढा केला. खाली एक ओळ घातली: श्रेयनामावलीत नाव नीट छापावे. मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी पाठवतो.