घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांत व्होल्टेज रेग्युलेटरची निवड महत्त्वाची

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. गरजेची इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वतः घडविण्याचे शिक्षण तेथे ग्रामीण विद्यार्थ्यांना मिळते. अशा उपकरणांत मायक्रोकंट्रोलर ही चिप सेन्सरच्या नोंदी वाचून पंप किंवा दिवा चालू-बंद करते.

मात्र, १२ व्होल्टची बॅटरी या चिपला थेट जोडता येत नाही. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी ही चिप कमाल ५.५ व्होल्टवर चालते. ६ व्होल्टच्या पुढे ती कायमची निकामी होऊ शकते. त्यामुळे मध्ये ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर बसवतात. उरलेले ७ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपात घालवतो. अर्धा अँपिअर प्रवाह असल्यास ही उष्णता ३.५ वॅट होते आणि हीटसिंक नसेल तर रेग्युलेटर तापून बंद पडतो.

या पद्धतीत बॅटरीतील सुमारे ५८ टक्के वीज वाया जाते. सौरऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी म्हणूनच बक कन्व्हर्टर अधिक उपयुक्त ठरतो.