घाटाचा घाट

नाशिकच्या माणसापुढे 'घाट' हा शब्द काढला की तो आधी विचारतो, "कुठला?" कारण आमच्याकडे घाट दोन. गावातला घाट गोदावरीकडे उतरतो आणि गावाबाहेरचा मुंबईकडे. पहिल्या घाटावर पापं धुतली जातात आणि दुसरा उतरून गेलं की ती नव्यानं जमवायची सोय होते. याखेरीज आमच्या भांडीबाजारात तांब्याला घाट असतो, पातेल्याला घाट असतो. आणि घरोघरी कुणी ना कुणी लग्नाचा, मुंजीचा, गेला बाजार सत्यनारायणाचा तरी घाट घातलेला असतोच. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्यानं प्रत्यक्ष घाटाचाच घाट घातला.

हा पुतण्या एका मोटार-क्लबाचा सभासद आहे. आमच्या लहानपणी क्लब म्हणजे जिथं वडील माणसं रमी खेळायची आणि घरी आल्यावर बोलणी खायची ती जागा. या क्लबात पत्ते नाहीत, जागाही नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे आणि जायला कुठलंही ठिकाण नाही, अशांनी एकत्र जमायचं आणि रांगेनं कुठंतरी जाऊन परत यायचं, एवढाच उद्देश. "पण पोचून करायचं काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "काका, पोचायचं नाही. जायचं." वेदान्तात बसेल असं हे वाक्य त्यानं दात घासताना उच्चारलं.

मला बोलावण्याचं कारण म्हणजे मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. क्लबाच्या मंडळींना वाटेत 'थोडीशी हिस्टरी' हवी होती. साबुदाण्याच्या खिचडीवर खोबरं भुरभुरवतात, तेवढीच.

इतिहास म्हटला की सुरुवात यांच्याच पूर्वजांपासून करायला हवी. मोटारींनी घोळक्यानं हिंडण्याची हौस काही आजची नाही. 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाच्या संस्थेनं १९०४ सालच्या डिसेंबरात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची परीक्षाच घेतली होती. रस्ते बैलांसाठी केलेले, पेट्रोल मिळायची मारामार, आणि मोटार दिसली की गावचं गाव बाहेर. १९१९ साली मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन' निघाली. आणि १९६८ साली तर कमालच झाली. २४ नोव्हेंबरला लंडनहून अठ्ठ्याण्णव मोटारी सिडनीला जायला निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्या मुंबईला आल्या. पुढं समुद्र! त्याला इलाज नव्हता. म्हणून शिल्लक राहिलेल्या बहात्तर मोटारी 'चुसान' नावाच्या बोटीवर चढवल्या आणि ऑस्ट्रेलियात उतरवून पुन्हा पळवल्या. अँड्र्यू कोवन नावाचा स्कॉटिश गडी हिलमन हंटर घेऊन पहिला आला. ही हिलमन म्हणजे साधी घरगुती गाडी. नावाजलेल्या, तालमीतल्या गाड्या कुठं कुठं अडकल्या आणि ही बिचारी नाकासमोर चालत पोचली. दर वर्षी दहावीच्या निकालात असाच एक मुलगा असतो.

पुतण्याच्या क्लबाच्या बावीस मोटारी रविवारी सकाळी सहाला मुंबई नाक्यापाशी जमल्या. प्रत्येक गाडीवर नंबराची चिठ्ठी, प्रत्येकीत बोलायचं यंत्र. सर्वांत पुढे म्होरक्याची गाडी, सर्वांत मागे शेपटाची. मधल्यांनी ओळ मोडायची नाही, असा सक्त हुकूम. ही ओळ पाथर्डी फाट्यापर्यंत टिकली. तिथं एक दूधवाला, दोन रिक्षा आणि एक निवांत म्हैस एवढ्यांनी मिळून बावीस मोटारींचे चार तुकडे केले. यंत्रातून "सोळा नंबर, कुठं आहात?" असा आक्रोश सुरू झाला. आम्ही सोळा नंबर. म्हशीच्या मागे होतो.

माझं व्याख्यान पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ठेवलं होतं, कारण तिथं सगळे पुन्हा गोळा होणार होते. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, हे ऐकून निम्म्या श्रोत्यांचा रस गेला. उरलेल्यांना मी उषवदाताची गोष्ट सांगितली. उषवदात हा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. त्याचा मोठा शिलालेख इथल्या दहाव्या लेण्यात आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. जावई म्हटल्यावर आपल्याला मानपान आठवतो, पण या जावयानं काय केलं पाहा. भरुच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्यानं वाटसरूंना उतरायला चौसोपी धर्मशाळा बांधल्या. बागा केल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि दोन्ही काठांवर बसायला निवारे नि पाणपोया घातल्या. यातलं गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकचाच परिसर आणि सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. समुद्रावरचा माल सह्याद्री चढून इकडे यायचा आणि इकडचा तिकडे उतरायचा.

"म्हणजे टोल नव्हता?" एकानं विचारलं.

"नदी ओलांडायला तरी नव्हता."

यावर सभेत जी शांतता पसरली, ती माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही वर्गात पसरली नव्हती. घोटीचा नाका सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा.

विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव करत आम्ही निघालो. हा मुंबई-आग्रा रस्ता. मुंबईतल्या कुर्ला-मुलुंडच्या ज्या रस्त्याला आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्याचंही जुनं नाव आग्रा रोडच. हा रस्ता इगतपुरीपुढे अचानक सह्याद्रीच्या कडेवर येतो. खाली कोकण, वर देश. कागदोपत्री याचं नाव थळ घाट, पण लोकांच्या तोंडी कसारा घाट. आगगाडी या घाटातून इगतपुरीला पोचली १८६५ साली. बोरघाटाचं काम त्याआधी दोन वर्षं पुरं झालं होतं. या दोन घाटांनी मुंबईला देशाशी जोडलं, पण आगगाडीला ते काही सोपं गेलं नाही. इथला चढ सदतीसास एक असा आहे, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्याला हा चढ म्हणजे तेल लावलेल्या खांबासारखा. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीमागे ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. आजही लावतात. बँकेनं मागून ढकलल्याशिवाय मध्यमवर्गीय माणूस वर चढत नाही, हे रेल्वेनं घरकर्जाच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

मोटारीला मागून ढकलणारे बँकर म्हणजे घरची माणसं. १९७६ साली आमच्या अण्णाकाकांच्या मोटारीनं मी हा घाट पहिल्यांदा चढलो. त्या काळी देशात मोटारी घ्यायच्या म्हणजे मुख्यतः दोन. एक कलकत्त्याकडची अँबॅसडर, दुसरी कुर्ल्याची फियाट. तिचंच पुढं बारसं होऊन 'प्रीमियर पद्मिनी' झालं. मारुती यायला १९८३ चा डिसेंबर उजाडायचा होता. काकांची मोटार तिसऱ्याच कुळातली, परदेशातून आलेली आणि माझ्या वडिलांच्या वयाची. घाटाच्या पायथ्याशी काका गाडी थांबवत आणि तीन गोष्टी करत. रेडिएटरमध्ये पाणी घालत, काकूला मागे बसवत आणि "आता कुणी बोलायचं नाही" असं सांगत. तरीही तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघायची. मी उतरून चाकामागे दगड लावायचा, हे माझं खातं होतं. काकू पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवायची, हे तिचं.

पण खरी गंमत पुढेच. आमच्या मागे दुसरी एखादी गाडी उकळून थांबायची, तिच्यामागे तिसरी. ट्रकवाला सरदारजी आपणहून पाण्याचा डबा आणून द्यायचा. काकू डब्यातल्या दशम्या काढायची. अर्ध्या तासात कोण कुठला, मुलगा काय शिकतो, मुलगी द्यायची आहे का, इथवर गाडी पोचायची. मोटारगाडी नव्हे, बोलण्याची. माझ्या आतेबहिणीचं स्थळ असंच एका तापलेल्या रेडिएटरवरून आलं आणि त्यांचा संसार आजतागायत थंड डोक्यानं चालला आहे. तेव्हा क्लबाची कल्पना नवी नाही. पूर्वी सभासद घाटात गेल्यावर व्हावं लागे, एवढंच.

म्हणून पुतण्याच्या शेजारी बसून मी घाट उतरताना आणि चढताना आशेनं बाहेर पाहत होतो. बावीसातली एक तरी गाडी उकळेल! एकही उकळली नाही. तापमान, हवा, तेल सगळं काचेवर आकड्यांत दिसत होतं. वळणं तेवढी जुनीच होती. धुकं खालून उठून रस्त्यावर आडवं झोपलेलं. डाव्या हाताला कड्यावरून पाण्याच्या धारा. समोरून येणारा ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. मोटारीच्या नियमांत एक फार सुंदर नियम आहे. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. कारण चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा निघणं कठीण. सरकारच्या इतर खात्यांत हा नियम अजून लागू व्हायचा आहे.

वर आल्यावर घाटनदेवीपाशी थांबलो. चढून आलेला ड्रायव्हर इथं हात जोडतो आणि उतरणाराही जोडतो. उतरणाऱ्याचा नमस्कार जरा लांबतो. ट्रकचा ब्रेक चढावर नव्हे, उतारावर दगा देतो. या घाटानं घेतलेले बळी मोजायला बसलं तर विनोदी लेख लिहिणं जमणार नाही. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता आता वेगळा झाला आहे. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, शहात्तर किलोमीटरचा तुकडा खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. ज्या डोंगरापुढे आगगाडीनं मागून ढकलून घेतलं, काकांनी मौन पाळलं, तो डोंगर आता मोटारवाला सात-आठ मिनिटांत पोटातून पार करतो. वळण नाही, मळमळ नाही, आणि देवीही वाटेत येत नाही. चांगलंच झालं. घाटातल्या काव्याचं कौतुक करणाऱ्यानं ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या पुढे एकदा तरी चालवून पाहावं.

पण देवळापासून जरा पुढे एक बाई निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत बसली होती. आसपासच्या पाड्यावरची. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात कणसं, असा तिचा आणि तिच्या आईचाही धंदा. मी विचारलं, "काय मावशी, कसं काय?" ती म्हणाली, "गाड्या बोगद्यातून जात्यात आता. बोगद्यात कोन थांबतंय?" तक्रार नव्हती. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मला एकदम उषवदात आठवला. त्यानं होड्या फुकट केल्या, पण काठावर बसायला निवारा आणि प्यायला पाणीही ठेवलं. माणसाला पार करायचं असतं तसंच मधे टेकायचंही असतं, हे त्याला कळत होतं. बोगदा बांधणाऱ्यांनी पहिलं काम चोख केलं आहे. दुसऱ्याचा हिशोब कुठल्याच निविदेत नसतो. धंद्याचा रस्ता पोटात गेला की वरचा रस्ता हौसेवर जगतो आणि हौस फक्त रविवारी येते.

मी म्होरक्याला सांगितलं, बावीस गाड्या इथं थांबव. तो घड्याळाकडे पाहून म्हणाला, "काका, कार्यक्रमात स्टॉप नाही." मी म्हटलं, "१९७६ साली पण नव्हता." बावीस गाड्यांतून पन्नासएक माणसं उतरली. कणसं चाळीसच होती. तेव्हा अर्धं-अर्धं करून खाणं आलं, आणि अर्ध्या कणसाच्या भागीदाराशी बोलणंही आलं. सात नंबर आणि एकोणीस नंबर गेली दोन वर्षं एकाच क्लबात असून एकाच सोसायटीत राहतात, हा शोध तिथं लागला. यंत्रावर त्यांनी एकमेकांना कितीदा तरी "कॉपी" म्हटलं होतं. बाईनं लिंबू-मीठ जास्त लावून दिलं आणि एका पैशाचीही सूट दिली नाही.

परवा क्लबाच्या पुढच्या फेरीचा कागद पुतण्यानं आणून दाखवला. निघणे ६.००, पांडवलेणी ६.३०, घोटी ७.१५. त्याखाली हातानं घातलेली एक नवीन ओळ होती : 'मावशी, कणीस, अर्धा तास. शंभर लागतील, आधी निरोप द्यावा.' इतिहासाची वेळ वीस मिनिटांवरून दहावर आणली आहे.