इंजिनाची उसनी ऊब

बाहेर वैशाखवणवा पेटलेला, मंडपातल्या खुर्च्या संध्याकाळीही तापलेल्या, आणि आम्ही सांगायला बसलो आहोत शून्याखाली तीस अंशांच्या थंडीतली गोष्ट! श्रोत्यांनी ह्याला वक्त्याची लहर म्हटले तरी आमची तक्रार नाही. शिवाय गोष्टीचा नायक कोणी राजा किंवा सेनापती नसून थंडीत सुरू न होणारे एक डिझेल इंजिन आहे.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाला लागून, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा ही दोन राज्ये आहेत. नॉर्थ डकोटातल्या पार्शल गावी १५ फेब्रुवारी १९३६ रोजी उणे ५१ सेल्सिअस अंशांची नोंद झाली. मिनेसोटातल्या टॉवर गावाने २ फेब्रुवारी १९९६ रोजी तोच आकडा गाठला. ‘पारा उतरला’ असे येथे म्हणण्याचीही सोय नाही, कारण पारा स्वतःच उणे ३९ अंशांना गोठतो. अशा मुलखातही गाईगुरांना पहाटे वैरण लागतेच. गोठ्याच्या दारात बर्फाचा ढीग, वैरणीचे गठ्ठे एकेका माणसाला न उचलणारे, आणि हे सारे करणारे छोटे यंत्र किल्ली फिरवल्यावर नुसते कण्हते आहे. ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच दिवशी त्याचा रुसवा!

ह्या यंत्राला स्किड-स्टीअर म्हणतात. त्याची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके जोरात व दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी फिरवली की ते घसटत, जागच्या जागी गर्रकन फिरते. त्याचा जन्मही ह्याच मुलखातला. मिनेसोटातल्या रॉथसे ह्या खेड्यात सिरिल व लुई केलर ह्या बंधूंचे वेल्डिंगचे दुकान होते. टर्की कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याची अडचण त्यांच्या कानी आली. त्याच्या खुराड्यात खांबांची दाटी. ट्रॅक्टर आत शिरेना आणि हाताने घाण उपसून माणसे थकून जात. केलर बंधूंनी खांबांमधून फिरणारे तीन चाकी यंत्र बनवले आणि १९५७ च्या फेब्रुवारीत ते त्याच्या हवाली केले. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या ग्विनर येथील मेलरो कंपनीने ते उचलले. १९६० मध्ये त्याला चौथे चाक आले, आणि १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’, म्हणजे तिकडचे रानमांजर, हे नाव मिळाले. एका खुराड्याच्या साफसफाईतून जगभर पसरलेला उद्योग उभा राहावा, ही गोष्ट आम्हांला कित्येक लढायांपेक्षा मोलाची वाटते.

पहिली यंत्रे पेट्रोलवर चालत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. यंत्रे मोठी झाली, काम वाढले, तसे डिझेल आले. ते ताकदवान व काटकसरी खरे, पण त्याला ठिणगी नाही.

रुडॉल्फ डिझेलच्या चरित्रातली गंमत येथे सांगितलीच पाहिजे. म्यूनिकमध्ये तो शिकला तो कार्ल फॉन लिंडे ह्यांच्या हाताखाली, आणि लिंडे म्हणजे शीतयंत्रांचे आचार्य! शिक्षण संपल्यावर डिझेलने पॅरिसमध्ये लिंडे ह्यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी धरली. गारवा निर्माण करता करता ह्या माणसाच्या डोक्यात उष्णतेचा विचार घोळू लागला. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक श्रोटर ह्यांनी त्याच्या इंजिनाची परीक्षा घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग कामी येतो असे दिसले. वाफेची इंजिने त्याच्या जवळपासही नव्हती. १९१३ च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. ती कहाणी वेगळ्या व्याख्यानाची आहे.

त्याच्या इंजिनाचे मर्म सायकलच्या पंपात सापडते. तोंड अंगठ्याने दाबून पंप मारला की नळी गरम लागते. डिझेल इंजिनात हवा आपल्या आकारमानाच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या वर तापते. तीत तेलाचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. आता कडाक्याच्या थंडीत काय होते पाहा. आत येणारी हवाच गोठणबिंदूच्या खाली. तापली की गारठलेले लोखंड तिची ऊब पिऊन टाकते. बॅटरीचे बळ निम्म्यावर येते. वंगण काकवीसारखे घट्ट होते, म्हणून इंजिन हळू फिरते, आणि हळू फिरले की दाबलेल्या हवेला निसटायला व निवायला सवड मिळते. स्किड-स्टीअरमध्ये आणखी एक ओझे असते: हायड्रॉलिक पंप इंजिनालाच जोडलेले, तेव्हा त्यांतले थिजलेले तेलही बिचाऱ्या स्टार्टरनेच ढकलायचे.

म्हणून हिवाळ्यातल्या इंजिनाचा इतिहास हा उसन्या उबेचा इतिहास आहे. १९२१ सालच्या जर्मन लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लो-लॅम्पने तापवल्याखेरीज तो हलत नसे. कॅटरपिलरच्या १९३१ च्या डिझेल ट्रॅक्टरवर एक लहान पेट्रोल इंजिन बसवलेले असे. ते मोठ्याला फिरवत राही. थोराला जागे करायला धाकटा! रशियाच्या टी-३४ रणगाड्यात विजेच्या स्टार्टरखेरीज दाबलेल्या हवेच्या बाटल्या होत्या. बॅटरी हतबल झाली की ती हवा इंजिनात सोडत. पण आमचे मन अधिक रमते ते ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन ह्यांच्यापाशी. नॉर्थ डकोटातल्या ह्या गावी ते शेतकऱ्यांच्या वीज-सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. इंजिनाच्या डोक्यावरच्या बोल्टच्या जागी बसणारा विजेचा तापक त्यांनी बनवला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. खेड्यात वीज आली नसती तर त्या तापकाला अर्थ नव्हता. आज तिकडच्या अंगणात रात्रभर वायर लावून ठेवलेली वाहने दिसतात, ती ह्याच कल्पनेची वंशज.

तेव्हा यंत्र सुरू होत नसेल तर तिथला जाणता मेकॅनिक आधी कोठे पाहतो? धुराड्याकडे. स्टार्टर फिरतो आहे आणि पांढरा धूर येतो आहे, म्हणजे तेल आत पोचते पण पेटत नाही; उणीव उष्णतेची. मग ग्लो प्लग तापतात की नाही, त्यांचा रिले वीज देतो की नाही, हे तपासायचे. धूर मुळीच नाही, म्हणजे तेलच पोचत नाही. सीटवरचा सुरक्षा-दांडा खाली नसेल, तेल अडवणारी विजेची झडप उघडत नसेल. पण थंडीत पहिला संशय मेणाचा. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. गारठ्यात त्याचे कण धरतात, तेल गढूळ होते आणि फिल्टर तुंबतो. टाकी भरलेली, इंजिन उपाशी! तळाशी साचलेल्या पाण्याचा बर्फही हेच करतो. आणि स्टार्टरच जड फिरत असेल, तर आधी बॅटरी व तिची गंजलेली टोके पाहायची.

घाईला आलेला माणस ईथरचा फवारा मारतो. आमच्या मते, ग्लो प्लगच्या इंजिनात तो मारणे म्हणजे चुलीत दारू ओतणे. तापलेल्या प्लगवर ईथर अवेळी पेटतो आणि पिस्टनच्या कड्या मोडतात. अर्धा तास वाचवायला जावे आणि इंजिन गमवावे. त्यापेक्षा तापक लावून दोन तास थांबणे, नवा फिल्टर घालणे, हिवाळ्याचे पातळ डिझेल आधीच भरून ठेवणे, हे बरे. त्या पहाटे गुरे हंबरत असताना दोन तास थांबणे किती कठीण, हे मात्र आम्ही येथे पंख्याखाली बसून बोलतो आहोत, हे आम्हांला ठाऊक आहे.

आपल्याकडे विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारणाऱ्या गड्याला ही फिकीर नसते. तो खटका उचलून दाब सोडतो, चाकाला वेग देतो, खटका पाडतो आणि इंजिन फटफट करू लागते. पण ह्याच देशात लडाखही आहे. तेथे द्रास-कारगिलच्या हिवाळ्यात ट्रकवाले टाकीखाली शेगडी पेटवत आले, जीव मुठीत धरून. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल पानिपतच्या कारखान्यात तयार करून तेथे पाठवले, ते २०१९ च्या नोव्हेंबरात.