चोरखमाऱ्याचे पाणी आणि धिवरांची विद्या

तिरोडा तालुक्यातील चोरखमाऱ्याचा तलाव १९२३ सालचा. पण या मुलुखात तळी बांधणारे कोहळी गोंड राजवटीपासूनचे. पाणी कोहळ्यांनी अडविले, मासळी धिवरांनी धरली. १९५१ साली मालगुजारी गेली, तिची तळी सरकारजमा झाली.

रोहू, कटला साचल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज देशभर बहुधा बंगालच्या नद्यांवरून जाई. १९५७ साली कटकच्या केंद्रातील हिरालाल चौधरींनी माशाच्याच मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडविली. मग खेडुतांना मत्स्यबीज जोपासण्याचे शिक्षण देणे शक्य झाले. ते आम्हांस मोलाचेच वाटते. मात्र वर्ग भरविणाऱ्याने आधी धिवरालाच विचारावे : बाबा, कोणते गवत वाढले म्हणजे या तळ्यात कोणती मासळी येते?